जपानी भुतांचा जन्मदाखला

'जपानची हजारो वर्षांची प्राचीन भूतपरंपरा' हे शब्द दिसले की माझं डोकं फिरतं. आणि हल्ली ते सगळीकडे दिसतात. अ‍ॅनिमेवेड्या मित्रांच्या गप्पांत, 'जपानची दहा सर्वांत भयंकर प्राचीन भुतं' छाप व्हिडिओंत, आणि कहर म्हणजे कॉर्पोरेट ट्रेनिंगच्या स्लाइडवरसुद्धा. ट्रेनिंगवाले सर सांगतात की जपानी माणूस प्रत्येक वस्तूत आत्मा बघतो, म्हणून त्यांच्या गाड्यांची क्वालिटी चांगली! समोर बसलेले आपण पन्नास इंजिनिअर माना डोलावतो, कारण पुढे चहा-समोसे असतात.

माझं भुतांशी काही वाकडं नाही. भुतं मला मनापासून आवडतात. माझं भांडण 'प्राचीन' या एका शब्दाशी आहे. जपानच्या बहुतेक नावाजलेल्या भुतांना तारीख आहे, गाव आहे, कुणीतरी केलेला अपराध आहे आणि पुष्कळदा प्रकाशकसुद्धा आहे. 'प्राचीन' म्हटलं की हे सगळं एका फटक्यात पुसलं जातं. जुन्या कोडबद्दल 'लेगसी आहे, हात लावू नका' म्हणतात ना, तसलाच प्रकार. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठला घोळ झाकायला लिहिलं, हे विचारायचंच नाही.

आता लगेच कुणीतरी म्हणणार, "अरे पण मूळ तर जुनंच आहे ना?" आहे की. शब्द जुने आहेत. 'तेन्गु' घ्या. ७२० साली पूर्ण झालेल्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथात तेन्गु आहे. पण तिथे तो काय आहे? ६३७ साली आकाशात गडगडाट करत गेलेली एक उल्का! चीनमध्ये शिकून आलेल्या एका भिक्षूने सांगितलं, की हा तारा नव्हे, हा आकाशातला कुत्रा. पुढे पाचेकशे वर्षांनी 'कोन्जाकु मोनोगातारी'त तेन्गु म्हणजे बौद्ध भिक्षूंना नादी लावणारा घारीसारखा पक्षी. आणि मास्कवर दिसणारा लाल तोंडाचा, लांब नाकाचा तेन्गु त्याच्याही नंतरचा. पाटी तीच, दुकानातला माल तीनदा बदललेला. याला सलग परंपरा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

पुढे जाण्याआधी दोन शब्द. 'युरेई' म्हणजे मेलेल्या माणसाचं भूत, नाव-गाव-हिशोब असलेलं. 'योकाई' म्हणजे विचित्र प्राणी, वस्तू, आवाज, घटना या सगळ्यांचं मिळून मोठं गाठोडं. दोन्हींमधली रेघ पुसट आहे, पण आपल्या कामापुरतं पुरे.

तर तारखा बघू. ७८५ साल. राजधानी नागाओकाला हलवायचं काम जोरात चालू आहे आणि त्या कामाचा प्रमुख फुजिवारा नो तानेत्सुगु याचा बाण मारून खून होतो. संशय कुणावर, तर सम्राट कान्मुच्या सख्ख्या भावावर, युवराज सावारावर. सावाराने अन्न सोडलं आणि हद्दपारीच्या वाटेवरच तो मेला. प्रेत तरी परत आणावं की नाही? नाही. ते तसंच पुढे अवाजी बेटावर नेऊन पुरलं. शिक्षा म्हणजे शिक्षा! मग सम्राटाची आई गेली, राणी गेली, नवा युवराज आजारी पडला, साथी आल्या, पूर आले. कौल लावला तर उत्तर आलं, सावारा. ७९४ मध्ये राजधानी पुन्हा हलली (तेच आजचं क्योतो, कारणं इतरही होती, पण ही भीती त्यातलं एक), आणि ८०० साली त्या मेलेल्या भावाला 'सम्राट सुदो' अशी पदवी दिली गेली.

अशा सूड घेणाऱ्या आत्म्याला 'ओन्र्यो' म्हणतात. पुढे ८६३ मध्ये साथ पसरली तेव्हा क्योतोच्या शिन्सेन्-एन बागेत सरकारने खास विधी करून सहा आत्म्यांची समजूत काढली. सहाही दरबारी राजकारणात चिरडले गेलेले. म्हणजे त्या काळात सूड घ्यायलासुद्धा ग्रेड लागायची. राजधानी बांधताना मेलेल्या मजुरांचं नाव या यादीत नाही.

सगळ्यात मोठी केस सुगावारा नो मिचिझाने यांची. विद्वान, कवी, जन्माने फार मोठ्या घरातले नाहीत, पण नुसत्या हुशारीवर उजव्या मंत्र्याच्या पदापर्यंत पोचले. फुजिवारा घराण्याला ते कसं सोसणार? ९०१ मध्ये सम्राटाविरुद्ध कटाचा आरोप ठेवून त्यांना पार क्यूशूला दाझाइफुला फेकलं. तिथेच ९०३ मध्ये ते वारले. त्यानंतर विरोधक फुजिवारा नो तोकिहिरा ऐन तारुण्यात मेला, युवराज मेला, आणि ९३० मध्ये राजवाड्याच्या सेइर्योदेन दालनावर वीज पडून दरबारी जळाले. सम्राट दाइगो त्या धक्क्याने आजारी पडला आणि काही महिन्यांत गेला. मग काय, धावपळ! जुनं पद आधीच परत दिलेलं होतं, आता ९४७ मध्ये कितानोला देऊळ उभं राहिलं, ९९३ मध्ये तर सर्वोच्च मंत्रिपद बहाल केलं. मरणोत्तर प्रमोशन. (आपल्याकडे रिझाइन केल्यावर काउंटर ऑफर येते, हे त्याच्याही पुढचं.) आज ते 'तेन्जिन', विद्येचे देव. प्रवेश परीक्षेआधी मुलं त्यांच्या देवळात लाकडी पाट्यांवर नवस लिहून टांगतात. ज्या सिस्टिमने हुशार माणसाला घराणं बघून हाकललं, तिच्याविरुद्धचा राग आता परीक्षेत चांगले मार्क मिळवून देतो. घराण्याचं नाव कुणी काढत नाही.

आता त्या ट्रेनिंगच्या स्लाइडचा हिशोब करू. 'वस्तूत आत्मा असतो' ही कल्पना जिथून उचलतात, ती 'त्सुकुमोगामी'ची कथा मुरोमाची काळातल्या चित्रगुंडाळ्यांमध्ये आहे. शंभर वर्षं वापरलेल्या वस्तूंना जीव येतो, म्हणून लोक वर्षअखेरच्या साफसफाईत जुनी भांडीकुंडी बाहेर फेकून देतात. फेकलेल्या वस्तू रस्त्यावर जमतात आणि म्हणतात, "आयुष्यभर राबलो, त्याचं हे बक्षीस?" त्यांच्यातली एक जपमाळ त्यांना समजावायला जाते, की बाबांनो, सूड नको, शांत राहा. तिला बाकीचे धरून बदडतात! मग सगळ्या राक्षस होतात आणि माणसांना खायला लागतात. शेवटी शिन्गोन पंथाच्या मंत्रसामर्थ्यापुढे हार मानून त्या बुद्धत्वाला जातात, कारण कथा शिन्गोन पंथाची महती गाणारी आहे. निसर्गप्रेम, क्वालिटी, कायझेन... कुठे आहे यात? ही नोकरीवरून काढलेल्यांची गोष्ट आहे, आणि तिचा शेवट एका पंथाच्या जाहिरातीत होतो. ती जपमाळ म्हणजे तर सरळसरळ एचआर आहे.

यानंतर आला एदो काळ, १६०३ ते १८६८. लढाया थांबल्या, शहरं फुगली, लोकांच्या हातात थोडा पैसा आला, लाकडी ठशांवर छापलेली पुस्तकं स्वस्त झाली. भुतांना मार्केट मिळालं. निळ्या कागदाच्या दिव्यात शंभर वाती लावायच्या, एकेक भुताची गोष्ट सांगायची आणि एकेक वात विझवायची, शंभरावी विझली की खरं भूत येणार, असा खेळ लोक खेळायचे. मग त्या गोष्टींचे संग्रह छापून विकायचे. १६६६ मधला आसाइ र्योइचा 'ओतोगिबोको' हा त्यातला गाजलेला संग्रह. हातात कंदील घेऊन रात्री प्रियकराकडे येणारी मेलेली मुलगी आज जपानी भूतकथेचा मुकुटमणी मानली जाते. ती याच पुस्तकातून लोकप्रिय झाली, आणि र्योइने ती चिनी पुस्तकावरून बेतलेली होती. अस्सल प्राचीन जपानी म्हणे!

१७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने भुतांचा सचित्र कॅटलॉग काढला. एकेका भुताचं चित्र आणि त्याचं नाव. इतका चालला, की १७८४ पर्यंत त्याने आणखी तीन मालिका काढल्या. आता पहिल्या खपात नेहमीची भुतं संपली, तर पुढच्या भागांना कंटेंट कुठून आणायचा? सोपं आहे. शब्दांच्या कोट्या करून नवीन भुतं घडवायची. पुढच्या भागांतली कित्येक भुतं त्याच्या स्वतःच्या डोक्यातून आलेली आहेत, आणि आज तीच गेम्समध्ये 'प्राचीन लोककथेतील' म्हणून फिरतात. त्याच सुमाराच्या स्वस्त चित्रपुस्तकांत 'तोफु-कोझो' नावाचा एक पोरगा आहे. मोठं डोकं, बांबूची टोपी, हातात ताटलीत तोफू. तो काही म्हणजे काहीच करत नाही. तोफू घेऊन उभा राहतो. हा शुद्ध छापील प्राणी. मला प्रचंड आवडतो.

पण एदो काळाने हसता हसता एक भयानक गोष्टही केली. सूड घ्यायचा हक्क राजपुत्रांकडून काढून मोलकरणींना आणि बायकांना दिला.

१८२५, एदोचं नाकामुरा-झा थिएटर, त्सुरुया नान्बोकु चौथा याचं 'तोकाइदो योत्सुया काइदान'. यातली ओइवा आज पोस्टरवर सुजलेला डोळा आणि गळणारे केस एवढीच उरली आहे. पण नाटकात तिचं काय होतं ते ऐका. नुकतीच बाळंत झालेली, आजारी. नवरा इएमोन हा बेकार सामुराई, छत्र्या बनवून पोट भरणारा. तिच्या बापाचा खून यानेच केलेला आहे, आणि हे तिला माहीत नाही. शेजारच्या श्रीमंत घराला हा जावई हवा आहे, म्हणून ते बाळंतपणाचं औषध म्हणून तिला विष पाठवतात. तिचा चेहरा विद्रूप होतो. नवरा घरी येतो आणि गहाण टाकायला घरातल्या वस्तू ओढून न्यायला लागतो. शेवटी मच्छरदाणी उरते. बाळाला डास फोडून काढतील म्हणून ती मच्छरदाणी घट्ट धरून ठेवते. तो ती हिसकावतो आणि तिची नखं उपटून येतात.

भूत अजून आलेलंच नाही, मंडळी! ती अजून जिवंत आहे. दाद मागायला बाप नाही, शेजारी विष देणारे, नवरा हा असला. तिने जायचं कुठे? म्हणून ती मरते आणि मग परत येते. (बाळंतपणात मेलेल्या बाईची आपल्याकडे हडळ होते, तिकडे 'उबुमे' होते. दोन्हीकडच्या लोकांना कुणाची भीती वाटायला हवी हे नीट कळत होतं म्हणायचं.)

आणि नान्बोकुचा खरा कावा वेगळाच आहे. पहिल्या प्रयोगात हे नाटक 'चुशिन्गुरा'शी गुंफून दोन दिवसांत दाखवलं गेलं. 'चुशिन्गुरा' म्हणजे मालकाच्या मृत्यूचा बदला घेणाऱ्या निष्ठावंत सामुराईंचं महापवित्र नाटक. इएमोन त्याच मालकाच्या पदरचा. एकीकडे स्वामिनिष्ठेचा जयजयकार चालू असताना, त्याच तुकडीतला एक माणूस घरी बायकोची मच्छरदाणी विकतोय. १८२५ मध्ये हे रंगमंचावर दाखवायला छाती लागते. आपण मात्र त्यातला सुजलेला डोळा तेवढा उचलला.

ओकिकुची गोष्ट तशीच. मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक नाहीशी होते, मोलकरीण ओकिकुला मारून विहिरीत टाकतात. रोज रात्री विहिरीतून मोजल्याचा आवाज येतो, एक ते नऊ, आणि मग किंकाळी. हिमेजीच्या किल्ल्यात तिची म्हणून विहीर दाखवतात. तीच विहीर पुढे 'रिंग'मध्ये आली (सुझुकी कोजीची कादंबरी १९९१, नाकाता हिदेओचा सिनेमा १९९८), फक्त थाळ्यांच्या जागी व्हिडिओ कॅसेट आली. सादाको टीव्हीतून बाहेर येते तेव्हा आपण सगळे उशीत तोंड खुपसतो. तिला विहिरीत कुणी टाकलं, हे किती जणांना आठवतं?

मेइजी काळात सरकारला आधुनिक देश हवा होता, भुतं नको होती. इनोउए एन्र्यो हा बौद्ध देवळात जन्मलेला आणि तोक्यो विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेला माणूस या मोहिमेचा हिरो. लोक त्याला 'भूत-डॉक्टर' म्हणायचे. त्याने गावोगाव फिरून भुतांच्या केसेस गोळा केल्या. त्याची एक गोष्ट मला फार पटते. तो तारखा विचारायचा. 'कोक्कुरी' नावाचा आत्मा बोलवायचा खेळ १८८० च्या दशकात जपानभर पसरला होता. बांबूच्या तीन काठ्या, वर भाताच्या भांड्याचं झाकण, त्यावर हात ठेवायचे, ते हलायला लागतं. लोक म्हणत, कोल्ह्याच्या आत्म्याची जुनी विद्या आहे. एन्र्योने माग काढला आणि १८८७ मध्ये लिहिलं, की हे शिमोदा बंदरावर आलेल्या अमेरिकन खलाशांकडून आलंय, तिकडच्या टेबल हलवण्याच्या खेळाची ही नक्कल! आजही जपानी शाळांच्या भयकथांत कोक्कुरी-सान हमखास असतो, आणि आजही त्याला प्राचीन म्हणतात.

पण एन्र्योचंही मला अर्धंच पटतं. झाकण का हलतं हे सांगता येतं, ते सांगावंच. ओइवाचं काय करणार? 'असं भूत नसतं' हे सिद्ध केल्याने तिची मच्छरदाणी परत येत नाही. सगळं 'अंधश्रद्धा' या एका फोल्डरमध्ये टाकून डिलीट मारणारे आणि सगळं 'प्राचीन' या फोल्डरमध्ये टाकून पूजा करणारे, दोघेही फाइल उघडत नाहीत.

त्याच काळात रेल्वे आली आणि नवी भुतं आली. रात्री ड्रायव्हरला समोरून त्याच रुळावर गाडी येताना दिसते, शिट्टी ऐकू येते. एके रात्री तो न थांबता गाडी तशीच दामटतो. टक्कर होत नाही, पण सकाळी रुळांशेजारी मेलेला तानुकी सापडतो. तानुकी म्हणजे रूपं बदलणारा रानकुत्र्यासारखा प्राणी. जंगलातून रूळ टाकले तेव्हा त्याने आयुष्यातलं शेवटचं रूप रेल्वेचं घेतलं. असल्या गोष्टीला प्राचीन म्हणणाऱ्याने वाफेचं इंजिन तरी आठवावं.

आणि 'युकी-ओन्ना', हिमस्त्री? बर्फातल्या बाईच्या समजुती जुन्या आहेत, पण लाकूडतोड्या मिनोकिचीची जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती लाफ्काडिओ हर्नने १९०४ मध्ये 'क्वाइदान'मध्ये लिहिली. इंग्रजीत! ग्रीक बेटावर जन्मलेला, आयर्लंडमध्ये वाढलेला, अमेरिकेत पत्रकारी केलेला माणूस. बायको कोइझुमी सेत्सु त्याला गोष्टी सांगायची आणि तो लिहायचा. जपानी वाचकांकडे त्या नंतर भाषांतर होऊन परत आल्या. सेत्सुला तिचं श्रेय मिळायला इतका उशीर झाला, की तिच्या आयुष्यावर बेतलेली एनएचकेची सकाळची मालिका २०२५ मध्ये आली. सहा वर्षांनी, १९१० मध्ये, सरकारी अधिकारी यानागिता कुनिओने 'तोनो मोनोगातारी' छापलं, पहिली आवृत्ती ३५० प्रती. त्यातल्या गोष्टी सांगणारा तोनोचा तरुण सासाकी किझेन. त्याचंही नाव मागेच राहिलं.

युद्धानंतरचा मोठा माणूस मिझुकी शिगेरु. न्यू ब्रिटन बेटावर लढताना डावा हात गमावलेला सैनिक, नंतर मांगाकार. त्याच्या कितारोचा जन्म कबरीत, पुरलेल्या आईच्या पोटातून होतो. भूत-जमातीतलं शेवटचं पोर. ज्या माणसाने १९७३ मध्ये निरर्थक आत्मघाती हल्ल्यात मरायला पाठवलेल्या सैनिकांवर अख्खा मांगा काढला, त्याला मेलेल्यांच्या बाजूने बोलणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. आज साकाइमिनातो गावात त्याच्या नावाच्या रस्त्यावर योकाईंचे ब्राँझचे पुतळे आहेत, आणि लोक त्यांच्याबरोबर सेल्फी काढतात. काढू देत. पण मांगा वाचा.

१९७९ ची कुचिसाके-ओन्ना तर आपल्या आईवडिलांच्या वयाची. मास्क घातलेली बाई शाळेच्या मुलांना विचारते, "मी सुंदर आहे का?" आणि मास्क काढते, तर तोंड कानापर्यंत फाटलेलं. गिफूच्या बाजूने निघालेली अफवा काही महिन्यांत देशभर पोचली, मुलं घोळक्याने घरी जायला लागली. संध्याकाळी एकट्या मुलांना क्लासला पाठवणाऱ्या देशाने स्वतःच हे भूत तयार केलं, असं म्हणणारे अभ्यासक आहेत आणि मला ते पटतं. आणि २०२० मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने कोविडच्या पोस्टरवर आणलेली आमाबिए? ती १८४६ च्या एका छापील पत्रकातून आलेली. समुद्रातून वर येऊन ती सांगते, की साथ येईल, माझं चित्र लोकांना दाखवा. चित्र विकणाऱ्याच्या पत्रकातच हा मजकूर! त्या छापखानेवाल्याला मार्केटिंगमध्ये तोड नव्हती.

इतकं सगळं वाचूनही कुणाला वाटेल, की काय फरक पडतो, मजा आहे ना, येऊ दे. तर इशिनोमाकीचं सांगतो. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत या एका शहरात तीन हजारांहून जास्त माणसं गेली. काही वर्षांनी एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी तिथल्या टॅक्सीवाल्यांशी बोलून नोंदी केल्या, आणि त्यातल्या काहींनी भुताच्या प्रवाशांबद्दल सांगितलं. उन्हाळ्यात जाड कोट घातलेली एक बाई स्टेशनपाशी गाडीत बसते, लाटेने सपाट झालेल्या वस्तीत न्यायला सांगते. ड्रायव्हर म्हणतो, तिकडे आता काही उरलेलं नाही. ती विचारते, मी मेले आहे का? तो मागे बघतो तर सीट रिकामी.

ही माणसं पळाली नाहीत. कुणी मांत्रिकही बोलावला नाही. मीटर तर आधीच टाकलेला होता, म्हणजे फेरीची नोंद झालेली, म्हणून भाडं त्यांनी स्वतःच्या खिशातून भरलं. आणि परत असा प्रवासी आला तर गाडीत घेणार का, या प्रश्नावर घेणार, असंच उत्तर मिळालं.